तंबाखूच्या घरातलं ध्यान

सकाळी मिसरी लावून होईपर्यंत माझ्या सासूबाईंशी घरात कुणी बोलत नसे. असा काही नियम नव्हता, पण प्रत्येकानं एकेकदा बोलून पाहिलं होतं. उठल्या की त्या उशाखालची पत्र्याची डबी काढायच्या, काळी पूड तळहातावर घ्यायच्या आणि उंबऱ्यात बसून बोटानं हिरड्यांवर चोळत राहायच्या. तोंडात लाळ साठलेली, म्हणून सगळा कारभार दुसऱ्या हाताच्या इशाऱ्यांवर चालायचा. हंडा भर, चूल पेटव, ती कोंबडी हाकल. बऱ्याच वेळानं चूळ भरून झाली की बाई माणसात यायच्या आणि मग दिवस सुरू व्हायचा.

आजच्या पोरींना मिसरी म्हणजे काय ते सांगावं लागतं. तंबाखू तव्यावर काळा कुळकुळीत होईस्तोवर भाजायचा, कुटायचा आणि फडक्यातून चाळायचा. दात घासायला म्हणून बायका ती लावायच्या. दात किती घासले जायचे देव जाणे, पण एकदा लावली की दिवसभर पुन्हापुन्हा लावावी लागायची. मी लग्न होऊन आले तेव्हा भाकरीच्या आधी मला मिसरी भाजायला शिकवण्यात आलं. तो धूर घरात असा भरायचा की शेजारपाजारचे खोकायला लागायचे आणि आमच्या घरी आज काय शिजतंय ते सगळ्या आळीला कळायचं.

आमची वस्ती नगर शहराच्या कडेला, केडगावकडे जाताना लागायची. सगळी बौद्धांची घरं. माझे मालक नागापूरला एका कारखान्यात जात आणि आम्ही दोघी सासूसुना घरी विड्या वळत असू. सासरे मी पाहिलेच नाहीत. ते लवकर गेले आणि सासूबाईंनी विड्या वळूनच पोराला वाढवलं होतं. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखूचा ढीग. आमच्या घरात गोधडीला तंबाखूचा वास, पिठाच्या डब्याला तंबाखूचा वास, आणि मी माहेरी गेले की माझी भाचरं माझ्या पदराचा वास घेऊन शिंकायची.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात सासूबाई जेवताना एका बाजूनं चावायला लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई, दाढ हाय." मी उजेडात नेऊन त्यांचं तोंड उघडायला लावलं. गालाच्या आतल्या अंगाला एक पांढरा डाग होता, दुधाची साय चिकटावी तसा. मी बोटाला फडकं गुंडाळून पुसून पाहिला. तो निघाला नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो डाग दाबून पाहिला आणि सरळ सांगितलं, "आजी, मिसरी आजपासून बंद. बंद केलीत तर हा जाईल अशी आशा आहे. नाही केलीत तर तो असाच राहणार नाही, वाढेल. मग गाल कापावा लागेल, आणि कापूनही भागेलच असं मी सांगू शकत नाही." आमच्याच वस्तीतली एक बाई तशा दुखण्यात गेली होती. शेवटी शेवटी ती पदर तोंडावर धरून बसायची आणि पातळ कांजीसुद्धा तिच्या घशाखाली जायची नाही. तिला शेवटचं पाणी सासूबाईंनीच पाजलं होतं.

घरी आल्या त्या तावातावानं डबी घेऊन बाहेर गेल्या आणि सगळ्या वस्तीदेखत ती गटारात भिरकावली. "सुटली एकदाची," म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी गूळ घालून चहा केला. त्याच दुपारी त्या विड्या वळता वळता एकदम गप्प झाल्या. मी काहीतरी विचारलं तर त्यांनी बोटानं कोंबडी दाखवली. कोंबडी नव्हतीच तिथं. मी म्हटलं, "आत्याबाई, आ करा बघू." सुपातला कच्चा तंबाखू गालात होता.

मग त्यांनी मिसरीच्या बोटाला चिंधी बांधून पाहिली. चिंधी बांधून विडी वळता येईना, ती सोडली. मग लवंग चघळली, शेंगदाणे चघळले, माझं डोकं चघळलं. दोन दिवस गेले की डबी नवी यायची, कुठून यायची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दर रविवारी आम्ही विहारात पंचशील घ्यायचो. नशेच्या पदार्थांपासून दूर राहीन, हे पाचवं शील सासूबाई सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायच्या. मी एकदा कानात म्हटलं, "आणि मिसरी?" त्यांनी माझ्याकडं डोळे वटारले. "त्यात दारू हाय. मिसरी कुटं हाय, दाखव."

त्या पावसाळ्यात एक भंतेजी आमच्या विहारात वर्षावासाला राहिले. पावसाळा म्हणायचा तेवढाच, पाऊस नव्हताच. पानं भिजवायलासुद्धा पाणी जपून वापरायचो. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. वस्तीतल्या घरांनी भंतेजींच्या भोजनाच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. आमची पाळी आली त्या दिवशी सासूबाईंनी सकाळपासून मिसरी लावलेली नव्हती. भंतेजींसमोर काळे दात नकोत म्हणून. त्यामुळं त्यांचं मला रागावून झालं, लेकाला रागावून झालं आणि भाजीलाही काहीतरी बोलून झालं. भंतेजी जेवून उठले आणि शांतपणे म्हणाले, "आई, काही दुखतंय का?"

बाईंनी सगळं सांगून टाकलं. डाग, डॉक्टरीणबाई, गटार, चिंधी. आवाज असा की दारात माणसं गोळा झाली. भंतेजी म्हणाले, "संध्याकाळी ध्यानाला येत चला."

"तिथं काय करायचं?"

"बसायचं. श्वास बघायचा."

"श्वास काय दिसतो व्हय?" सासूबाईंनी विचारलं. भंतेजी मोकळेपणानं हसले.

ध्यान हा प्रकार आमच्या वस्तीला नवा होता. वंदना सगळ्यांना पाठ, पण डोळे मिटून गप्प बसायचं म्हटल्यावर माणसं बिचकली. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडलेली ही माणसं. अंगात येणं, नवस, उपास, सगळं सोडलेलं. डोळे मिटलेली बाई दिसली की आमच्या माणसांना आधी ते अंगात येणंच आठवायचं. माझे मालक तर चिडलेच. "हे परत देवदेव सुरू झालं का?" असं त्यांनी आईला विचारलं. त्या म्हणाल्या, "आरं, देवापाशी मागावं लागतं. हितं कायबी मागायचं न्हाई, नुसतं बसायचं हाय. करमत नसलं तर तूबी ये." मालक गेले नाहीत, पण पुन्हा काही बोललेही नाहीत.

मी त्यांच्या सोबतीला जायची. आठवडाभर सासूबाई रोज बसल्या आणि रोज अधिकच चिडून घरी आल्या. शेवटी एका संध्याकाळी भंतेजींनी नेहमीप्रमाणं सांगायला सुरुवात केली, की नाकाच्या टोकाशी मन ठेवा, श्वास येतोय, श्वास जातोय. सासूबाईंनी फट्‌कन डोळे उघडले.

"भंतेजी, तुमी म्हनता नाकापाशी ध्यान ठेवा. माज्या नाकापाशी तंबाखू हाय! हाताला तोच वास, लुगड्याला तोच वास. एरवी मला त्यो वास येतबी न्हवता, आता तुमी ध्यान ठिवायला लावलं तर दर श्वासाला येतोय. सुटायचं सोडून माजी तलफ दुप्पट झाली की वो!"

विहार हसण्यानं दणाणला. मीही हसले. भंतेजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आई. काम सोडता येईल?"

"काम सोडून खाऊ काय?"

"मग वास येऊ द्या. वास आला एवढं समजू द्या. वास आल्यावर पुढं काय होतं?"

"तोंडाला पानी सुटतं."

"मग?"

"मग काय, हात डबीकडं जातो."

"पाणी सुटतं आणि हात जातो, त्या दोहोंच्या मधे काय होतं, तेवढं बघा आणि मला येऊन सांगा. डबी सोडायची घाई करू नका."

माझा तर संताप झाला. डॉक्टरीणबाई म्हणतात आजपासून बंद, आणि हे म्हणतात घाई करू नका. पण सासूबाईंना ते पटलं. त्यांना कुणीतरी काम दिलं होतं, आणि दिलेलं काम अंगावर ठेवणारी ती बाई नव्हती. दुसऱ्या दिवसापासून विड्या वळता वळता त्यांचे हात मधेच थांबायला लागले. सूप मांडीवर, पान बोटांत, डोळे मिटलेले. अंगणात आमच्यासोबत वळायला बसणाऱ्या बाया खुसखुसायच्या, "म्हातारीला डुलकी लागली." त्या डोळे न उघडता म्हणायच्या, "जागी हाय मी. तुजी इडी सैल झालीया, ती बघ."

आणि मग त्या भंतेजींना येऊन सांगायला लागल्या. "मधी लई काय काय हाय वो," त्या एकदा म्हणाल्या. "आधी हिरडीला खाज सुटती. मग गळ्यापाशी आवळल्यावानी हुतं. मग मन म्हनतं, यवढीशी लाव, कुनाला कळतंय. तरी न्हाई लावली तर सुनंचा राग येतो."

"सून काय करते तेव्हा?"

"कायबी न्हाई. गुमान इड्या वळीत बसल्याली असती."

भंतेजींनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घालून बसले होते, पण आतून मला नाचावंसं वाटत होतं. इतकी वर्षं मी ज्या बोलण्यांवर रात्री उशी भिजवली, त्यातली निम्मी माझ्यासाठी नव्हतीच. त्या दिवसापासून त्या उगाच डाफरल्या की मी हळूच विचारायची, "आत्याबाई, खाज का आवळणं?" कधी चिडायच्या, कधी तोंड फिरवून हसायच्या. पण त्या थांबायच्या, आणि आपलं आपण तपासून बघायच्या. पन्नाशी उलटलेल्या, कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या, आयुष्यभर दुसऱ्याला दटावत आलेल्या बाईनं स्वतःवर अशी नजर ठेवावी, ह्याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. आज त्या वयाच्या पुढं आल्यावर तर जास्तच वाटतं.

डबी अजून होतीच. दिवसातून कितीदा तरी निघायची ती एकदोनदा निघायला लागली होती, एवढंच. एका सकाळी मी उठले तर सासूबाई उंबऱ्यात बसलेल्या. मिसरीचं बोट तोंडात, डोळे मिटलेले, आणि बोट अगदी हळूहळू फिरतंय. मला वाटलं, झालं, ध्यान आणि मिसरी दोन्ही एकदम चाललंय. मी काही बोलणार तोच त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं आणि चूळ भरली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

"जळकी लागती गं," त्या म्हणाल्या. "राखंवानी. न्हानपनापास्नं लावती मी, पन तिची चव कधी घेतलीच न्हवती."

मी म्हटलं, "मी नीट भाजली नसेल."

"न्हाई, तू बरूबर भाजलीस. ती हायच तशी."

त्यानंतर त्यांनी मिसरी लावली नाही. ह्याचा अर्थ सुटली असा नाही. रात्री कूस बदलायच्या, दिवसा घाम फुटायचा, एकदा तर भाकरीचं पीठ मळता मळता रडायलाच लागल्या आणि का ते त्यांनाच सांगता येईना. संध्याकाळी मात्र विहारात जाऊन बसायच्या. वर्षावास संपून भंतेजी निघून गेले, तरी ह्या जातच राहिल्या. कधी मी सोबत असायची, कधी त्या एकट्याच त्या पत्र्याखाली बसलेल्या असायच्या. आणि दिवसभर पुन्हा मांडीवर तोच तंबाखूचा ढीग. दारू सोडणाऱ्या माणसाला निदान गुत्त्याचा रस्ता टाळता येतो. माझ्या सासूबाई ज्याला सोडत होत्या त्यातच हात घालून पोट भरत होत्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटायचा की मी तो भांडून व्यक्त करायची, कारण आमच्यात दुसरी पद्धत नव्हती.

थंडीत त्यांची धाकटी बहीण, मालकांची मावशी, आली, जामखेडकडच्या गावातून. तिकडं दुष्काळानं माणसं हैराण झाली होती, तिचा नवरा खडी फोडायला जात होता. ती येताना बहिणीसाठी एकच वस्तू घेऊन आली, घरी भाजलेली मिसरी. बायकांत तेव्हा रीतच होती. कुणी आली की पाण्याच्या तांब्यामागून मिसरीची डबी पुढं यायची. सुखाच्या गप्पा असोत की मयताला जमलेल्या बाया असोत, डबी हातोहात फिरायची आणि जिच्यापुढं येईल ती चिमूट घ्यायची.

सासूबाई म्हणाल्या, "मी सोडली गं."

मावशींना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी पुन्हा डबी पुढं केली, "लाव गं यवढी, येवढ्या लांबनं आनली." सासूबाईंनी मान हलवली. मावशींचं तोंड उतरलं.

"म्हंजे आता तूबी आमच्या हातचं घ्यायना झालीस?"

मी चुलीपाशी होते. माझा हात तव्यावरच थांबला. आमच्या हातचं न घेणं म्हणजे काय, ते आमच्या माणसांना समजावून सांगावं लागत नव्हतं. गावात चहाची कपबशी वेगळी, पाणी वरून ओतलेलं. ह्या दोघी बहिणी ते भोगूनच मोठ्या झालेल्या. आणि ते वाक्य आज बहिणीनं बहिणीला म्हटलं होतं. मावशी रडायला लागल्या. सासूबाईंचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा कधी पाहिला नाही.

त्यांनी हात पुढं करून डबी घेतली. झाकण उघडलं. ताज्या मिसरीचा वास घरभर झाला. त्यांनी चिमूटभर तळहातावर घेतली आणि डोळे मिटले. जावं आणि हात झटकून टाकावा असं वाटलं, पण पाय हलेना. त्यांच्या गळ्याची शीर हलत होती, एकदा आवंढा गिळलेला मला दिसला. मावशी रडायच्या थांबून बघत राहिल्या. भाकरी तव्यावर करपली, तिच्याकडं कुणी पाहिलं नाही.

मग त्यांनी डोळे उघडले, तळहातावरची मिसरी कण न सांडता परत डबीत ओतली आणि झाकण लावलं. "तू आनलीस, तवा ही माजीच हाय. हितंच ठिवती," असं म्हणून डबी कोनाड्यात ठेवली. आणि बहिणीचा हात धरून म्हणाल्या, "तुज्या हातचं मला पायजे. मिसरी नको. मला तुज्या हातानं चार घास चार."

मावशींनी भाकरी कुस्करून कालवणात भिजवली आणि थोरल्या बहिणीला लहान पोरीसारखं घास घास भरवलं. दोघीही रडत होत्या आणि मी तिसरी. मावशी पुढं बरेच दिवस राहिल्या. त्या रोज आमच्या उंबऱ्यात बसून मिसरी लावायच्या आणि सासूबाई त्यांच्या शेजारी गप्पा मारत बसायच्या. त्यांनी बहिणीला सोड म्हणून एकदाही सांगितलं नाही.

उन्हाळा लागला तेव्हा आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. मधल्या काळात मी रोज तोंड बघायला मागायची आणि त्या उघडायच्या नाहीत. "जे असंल ते दाक्तरीनबाई सांगत्याल," म्हणायच्या. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून बघितलं, गाल ओढून बघितला, दुसऱ्या डॉक्टरांनाही बोलावून दाखवला. मग बॅटरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "गेला हो आजी. डाग राहिला नाही. अधूनमधून दाखवत राहा, आणि मिसरी परत लावू नका."

आम्ही बाहेर आलो. मला हसू येत होतं, रडू येत होतं. कुणाला सांगू असं झालं होतं. नागापूरला जाऊन मालकांना कारखान्याच्या फाटकातूनच हाक मारावी असं मी बोलत होते. सासूबाई चालता चालता थांबल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार पडला होता.

"काय झालं, आत्याबाई?"

"लई आनंद झाला गं," त्या म्हणाल्या. "येवढा आनंद झाला, आन्‌ मला पयली आठवन मिसरीचीच आली. वाटलं, आता जरा लावावी."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकड्यावर जागा नव्हती. त्या तिथंच भिंतीला टेकून खाली फरशीवर बसल्या, मांडी घातली, पदर सारखा केला आणि डोळे मिटले. माणसं येत होती, जात होती, एक स्ट्रेचर त्यांच्या गुडघ्याला घासून गेलं. मी त्यांच्या चपला हातात धरून समोर उभी राहिले, म्हणजे कुणाचा धक्का लागू नये. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आधी त्यांच्या कपाळावरची आठी गेली, मग खांदे खाली आले.

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्यापुढं हात केला. "गेली," म्हणाल्या. "उठीव मला."